माळेवाडीतला म

हवालदार गुंजाळांचे डोळे आले होते, ती गोष्ट आधी सांगते. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं.

मी तेव्हा नगरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नवीनच लागले होते. माझ्या टेबलाला खेटून टाइपरायटरचं टेबल होतं आणि त्यावर गुंजाळ बसायचे. वय चाळिशीच्या आसपास, केस बारीक कापलेले, विटका खाकी शर्ट. लष्करात ते आठ-नऊ वर्षं कारकून होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून पेन्शनीची वर्षं भरायच्या आतच परत आले आणि आमच्या कचेरीत टाइपिस्ट म्हणून चिकटले. नेमणूक तात्पुरती होती, पण त्या तात्पुरत्याला सात वर्षं झाली होती. भिंगारला एका खोलीत राहायचे, सायकलवर यायचे. बायको, मुलं, आई-वडील आणि एका विधवा बहिणीची पोरं अशी सगळी माणसं गावाकडं, तिसगावच्या पलीकडं. ती सगळी ह्यांच्या पगारावर होती. कचेरीत सगळे त्यांना लष्करातल्या हुद्द्यावरून हवालदारच म्हणायचे.

त्या दिवशी साहेबांचा दौरा अहवाल पुण्याला जायचा होता. आठ पानं होती आणि दुसरा टाइपिस्ट नव्हता. हवालदार डोळ्यांवर हिरवं फडकं बांधून, शिपायाचा हात धरून आले. हेडक्लार्क अण्णांनी कपाळाला हात लावला.

"ताई, तुमी फकस्त वाचा," हवालदार मला म्हणाले. "मी मारतो."

मी वाचत गेले. ते समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि हात आपले चालले होते. कागद फिरवायचा, कार्बन घालायचा, ओळ संपल्याची घंटी वाजली की गाडा सरकवायचा, सगळं चाचपून. आठ पानं झाल्यावर अण्णांनी तपासली. एकच चूक निघाली आणि ती माझी होती. वाचताना मी एक ओळ गाळली होती.

मी म्हटलं, "हवालदार, हे जमतं कसं?"

"बोटाला ठावं असतं," ते म्हणाले. "डोकं मधी आनलं की चुकतं."

त्यांच्या टेबलाच्या खणात रबर नव्हतं. खाडाखोड त्यांना चालायचीच नाही. एखादं अक्षर चुकलं की "कागदाला जखम झाली" म्हणायचे आणि पान नव्यानं टाइप करायचे. जखमी पानांच्या कोऱ्या बाजू शिवून त्यांनी गावच्या पोरांसाठी वह्या केल्या होत्या. वापरून फिका पडलेला कार्बन ते दुपारच्या उन्हात खिडकीत धरायचे. त्यानं शाई पुन्हा पसरते म्हणे. त्या टाइपरायटरला ते म्हातारी म्हणत. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालत आणि मग दिवसभर तिच्यावर काम करत नसत. साहेबांचं तातडीचं पत्र असलं तरी.

ही म्हातारी एकाहत्तरच्या दिवाळीनंतर गोदामात गेली आणि तिच्या जागी नवीन मशीन आलं.

नवीन मशीन दिसायला देखणं होतं. हवालदारांनी ते फडक्यानं पुसलं, कागद चढवला, समोर भिंतीकडं बघितलं आणि नेहमीच्या झपाट्यानं 'महाराष्ट्र शासन' मारलं. मग खाली बघितलं. बराच वेळ ते त्या कागदाकडं बघत राहिले. मी डोकावले. कागदावर अक्षरं मराठीच होती, पण त्यांतून एकही शब्द लागत नव्हता.

तेव्हा मराठी टाइपरायटरांचं असंच होतं. ज्या कंपनीला जिथं वाटलं तिथं तिनं अक्षर बसवलेलं. मग सरकारनं एक मांडणी मान्य केली आणि नवीन मशीनं त्याप्रमाणे यायला लागली, पण जुनी काही एका दिवसात नाहीशी झाली नाहीत. एका कचेरीत एक, शेजारच्या कचेरीत दुसरी, टाइपिंग क्लासात तिसरी. नुसत्या बघणाऱ्याला त्यात काहीच वाटायचं नाही. पण न बघता टाइप करणाऱ्या माणसाचं त्यात काय होतं, ते मी शेजारी बसून पाहिलं.

"इंग्रजीचं असं न्हाई ताई," हवालदार म्हणाले. "लष्करात मला आसामात बसवा, न्हाईतर पठाणकोटला. ए जिथं हाय तिथंच. हितं उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली माझा म हुता. तिथं ह्यांनी क आनून बसवला. आता त्या बोटाला मी काय सांगू?"

पहिले काही दिवस ते हसण्यावारी नेत. नंतर हसणं गेलं. जे पान वीस मिनिटांत व्हायचं त्याला दोन तास लागायला लागले. टोपली जखमी कागदांनी भरायची. अण्णा वाईट नव्हते, पण त्यांच्यामागं साहेब होते आणि साहेबांच्या मागं पुणं. "हवालदार, अहो अक्षरं तीच आहेत की," ते रोज म्हणायचे. हवालदार मान डोलवायचे.

नेमकं त्याच सुमारास परिपत्रक आलं. तात्पुरत्या टाइपिस्टांनी मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा पास व्हायला हवी. संधी दोनच, नाहीतर सेवा समाप्त. हवालदार पहिल्या परीक्षेला बसले ते नवीन मशीन आल्यावर दोन महिन्यांनी. बोटं ना जुन्यावर ना नव्यावर. नापास झाले.

मग त्यांनी एका क्लासात नाव घातलं. दहा दिवसांनी सोडलं. क्लासातलं मशीन आणखी निराळं होतं. काना-मात्रा आमच्या म्हातारीसारख्या, बाकीची निम्मी अक्षरं नव्यासारखी, उरलेली कुणासारखीच नाहीत. "शिकलो तर आनखी बिघडंल," म्हणाले. एका पुठ्ठ्यावर त्यांनी कचेरीतल्या नव्या मशीनच्या सगळ्या कळा गोल काढून घेतल्या आणि त्यावर घरी सराव सुरू केला. म्हातारीला विसरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटलं नाही. एखाद्यानं आपली बोली विसरायची ठरवावी, तसं ते होतं.

पुढच्या वर्षी पाऊस झालाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. कचेरीत अर्जांचे ढीग यायला लागले. आमच्या गावाला काम द्या, खडी फोडायचं द्या, बंडिंगचं, शेतांना बांध घालायचं द्या, काहीही द्या. प्रत्येक अर्जाखाली अंगठ्यांच्या रांगा. अर्ज माझ्या टेबलावर यायचे, मंजूर होऊन हवालदारांकडं जायचे आणि आदेश टाइप होऊन पुन्हा माझ्याकडं, जावक नंबर पडायला. दिवसाला तीस-चाळीस आदेश. हवालदारांच्या हाताला उसंत नव्हती. वेग थोडा परत आला होता आणि तोच धोक्याचा होता. आता बोटं सावकाश चालत नव्हती, पण पुरती शिकलेलीही नव्हती.

एका सोमवारी ते गावाहून आले ते सायकल भिंतीला टेकवून थेट माझ्या टेबलाशी.

"ताई, जावकचं रजिस्टर काढा. मागल्या महिन्यातला खडीच्या कामाचा आदेश. माळेवाडीचा."

मी रजिस्टर उलटं-पालटं केलं. माळेवाडीचा आदेश नव्हता. काळेवाडीचा होता.

त्यांनी फाइल मागितली. अर्ज माळेवाडीचा. साहेबांचा मंजुरीचा शेरा माळेवाडीच्या अर्जावर. आणि त्याखाली लावलेली आदेशाची कार्बन प्रत: मौजे काळेवाडी. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली, एकमेकांपासून दहा-बारा मैलांवर. काळेवाडीला मुकादम गेला होता, हातोडे गेले होते, काम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

"तिसगावच्या बाजारात माळेवाडीचा मानूस भेटला," हवालदार सांगू लागले. आवाज खाली होता. "म्हनला, आमचं काम मंजूर झालं आसं तलाठी सांगत हुता, पन कुनी आलंच न्हाई. सकाळी उठून समदे पाटलाच्या ओट्यावर बसत्यात. गाडी आली का बघत्यात. मला तिथंच कळलं, ताई. ह्या बोटानं केलं."

मी आजूबाजूला पाहिलं. अण्णा अजून आले नव्हते. मी हळूच म्हटलं, "हवालदार, अण्णांनी हे तपासलंय. साहेबांची सही आहे. नोंद मी केलीय. कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. माळेवाडीला नवीन अर्ज करायला सांगा, मी तो वर ठेवते. काळेवाडीही कोरडीच आहे की."

"काळेवाडीबी उपाशीच हाय. त्यांचं काम काढून घ्या आसं मी म्हनत न्हाई. पन नवीन अर्ज करून परत म्हैना गेला तर? आन् त्यांनी का करायचा परत अर्ज? त्यांची काय चूक?"

"तुमची परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. आत्ता हे साहेबांना कळलं तर..."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मला माझीही भीती होती. काळेवाडीचं नाव माझ्या हातानं रजिस्टरात गेलं होतं आणि अर्जाशी ताडून पाहायचं काम माझं होतं. हवालदार साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा दार उघडंच होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, अण्णांचंही नाही. "साहेब, माझ्या हातनं गावाचं नाव चुकलं," एवढंच सांगितलं आणि दोन्ही कागद पुढं ठेवले.

साहेबांनी कागद पाहिले. मग म्हणाले, "काळेवाडीचं आता बंद करता येणार नाही. माळेवाडीसाठी वेगळी मंजुरी आणावी लागेल. मेमो निघेल, सर्व्हिस बुकात नोंद होईल."

"व्हय साहेब."

"आणि परीक्षेत काही झालं, तर मग मला तुमच्यासाठी शब्द टाकता यायचा नाही."

"व्हय साहेब."

जागा पाहायला साहेबांची जीप माळेवाडीला निघाली. बायकांची नावं लिहून घ्यायला मला घेतलं. हवालदारांनी विचारलं, "मी येऊ का?" साहेबांनी नुसती होकारार्थी मान हलवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं ढेकळांची, बाभळींना पाला नाही. माळेवाडीत पाटलाच्या ओट्यावर खरंच माणसं बसलेली होती. जीप दिसल्यावर ती उठून उभी राहिली. मागून बाया धावत आल्या.

साहेब बोलायला लागायच्या आत हवालदार पुढं झाले.

"तुमचं काम मंजूर झाल्तं," ते म्हणाले. "मी कागदावर गावाचं नाव चुकीचं मारलं. काम दुसरीकडं गेलं. दुसऱ्या कुनाची चूक न्हाई."

एक म्हातारा काठीवर भार देऊन उभा होता. तो म्हणाला, "नाव चुकलं म्हंजी?"

"एक अक्षर. म च्या जागी क पडला."

"आन् त्यानं काम गेलं?"

"व्हय."

म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "सात घरं गेली गाव सोडून. माझा पोरगा गेला बायकापोरं घिऊन, पुन्याकडं. कुठं हाय ठावं न्हाई. आठ दिस थांब म्हनलं हुतं त्याला, काम येतंय म्हनून. आठ थांबला, पंधरा थांबला. मग गेला." तो रागानं बोलत नव्हता, नुसतं सांगत होता. "आता काम आलं तर त्याला कसं कळवू?"

हवालदार हात जोडून उभे राहिले. मी नावं लिहायला बसले. सत्तावन्न बाया होत्या. एकीनं तिच्या जावेचंही नाव लिहा म्हटलं. जाऊ गाव सोडून गेली होती, पण नाव असलं तर परत येईल असं तिला वाटत होतं. मी लिहिलं.

नवी मंजुरी यायला महिना लागलाच. ती आली त्या दिवशी हवालदारांनी तो आदेश टाइप केला. एका बोटानं, कळ शोधून, खाली बघून. अर्ध्या पानाला दुपार गेली. प्रत्येक ओळ झाली की म्हणायचे, "ताई, वाचा." मी वाचायची. गावाच्या नावाशी आल्यावर म्हणाले, "अक्षर अक्षर वाचा." मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. शर्ट पाठीवर भिजला होता. कागद काढून साहेबांकडं नेताना त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता. डोळे बांधून आठ पानं मारणारा हाच माणूस, असं मी कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

त्यानंतर ते परीक्षेच्या मागं लागले. सकाळी कचेरी उघडायच्या आत येऊन नव्या मशीनवर बसत, दुपारी डबा न खाता बसत, घरी पुठ्ठा होताच. बोटांची पेरं सुजली. पण महिना-दीड महिन्यात त्यांना ते साधलं. मी घड्याळ लावून बसायची आणि ते भिंतीकडं बघून टाइप करायचे. परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी सलग तीन पानं मारली आणि तिन्हींत मिळून दोनच चुका. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला.

"म्हातारी गेली डोक्यातनं," म्हणाले. "साफ गेली."

परीक्षेला उमेदवारानं स्वतःचं मशीन नेलं तरी चालायचं. त्यांनी अण्णांना विचारलं, एका दिवसासाठी कचेरीचं मशीन न्यायला मिळेल का. अण्णांनी खरंच वर विचारून पाहिलं. दुष्काळाची कामं पडली असताना मशीन कचेरीबाहेर देता येणार नाही, असं उत्तर आलं. "केंद्रावर असतात की मशीनं," अण्णा म्हणाले. "आता सगळीकडं नवीनच आहेत."

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी अर्धी रजा टाकून दुपारी तिकडं गेले. का गेले ते सांगता येत नाही. घंटा झाली, पोरंपोरी बोलत बाहेर आली. हवालदार दिसेनात. शेवटी पाहिले तर ते शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते. हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले.

मी शेजारी उभी राहिले.

"म्हातारी हुती, ताई," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"माझ्या नंबरावर जुनं मशीन हुतं. आपल्या म्हातारीसारखंच. अक्षर न् अक्षर तसंच." त्यांनी तळवे गुडघ्यांवर पुसले. "सात वर्सं ते मी डोळं मिटून मारलं. आज मला येईना. क मारायला गेलो की म पडायचा. म्हनलं, जुनंच तर हाय, आठव. आठवाया लागलो की नवं बी जायचं."

"मशीन बदलून मागायचं."

"मागितलं. म्हनले, मराठी हाय ना? मग बसा." त्यांनी हातांकडं पाहिलं. "त्यांचं बी काय चुकलं. मराठीच हुतं."

मी काहीतरी म्हणाले असेन, साहेबांना भेटू, अर्ज करू. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा रडल्यासारखा नव्हता. तो रिकामा होता, आणि ते बघवेना. थोड्या वेळानं उठले, सायकलचं कुलूप काढलं आणि भिंगारच्या रस्त्याला लागले. सायकलवर बसले नाहीत, ती हातात धरून चालत गेले.

निकाल आला. सेवासमाप्तीचं पत्र टाइप करायला दुसऱ्या कचेरीतली एक मुलगी उसनी आणली होती. जावक नंबर मी टाकला. साहेबांनी मध्यंतरी खरंच एक शिफारस पाठवली होती, पण तिला सर्व्हिस बुकातली ती नोंद आडवी आली. जाताना हवालदारांनी मशीनवरचं झाकण नीट बसवलं, खणातला कार्बन माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "उन्हात धरत जा." गोदामात म्हातारीला बघायला जाता का, असं अण्णांनी विचारलं. ते नको म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. उन्हाळा कडक झाला होता. जुन्या साहेबांची बदली होऊन नवे आले होते आणि त्यांच्याबरोबर मी पुन्हा त्या भागात गेले होते. माळेवाडीच्या रस्त्याचं काम लांबवर पसरलं होतं. दोन-अडीचशे माणसं खडी फोडत बसली होती. डोक्यावर सावलीला गोणपाट टांगलेले. पुढं सुरुंग लावलेत म्हणून मुकादमानं जीप थांबवली.

त्या रांगेतून एक माणूस उठून आमच्याकडं आला. जवळ येईपर्यंत मी ओळखलं नाही. डोक्याला फडकं, दाढी वाढलेली, भुवयांवरसुद्धा दगडाची पांढरी भुकटी.

"ताई, बरं हाय ना?" हवालदार म्हणाले.

मी खाली उतरले. म्हटलं, "तुम्ही इथं?"

"समदेच हितं हायेत. मंडळी बी हाय, बहीन बी हाय." त्यांनी मागं बोट दाखवलं. मग बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ह्यो अर्ज घ्या. दोन दिस झाले, पान्याचा टँकर न्हाई. काल दोन बायांना भवळ आली. एक पोटुशी हाय."

मी कागद उघडला. हातानं लिहिलेला अर्ज होता. एकेक अक्षर सुटं, खाली अंगठ्यांच्या रांगा. गावाचं नाव दोन वेळा लिहिलं होतं, एकदा वर आणि एकदा खाली, ठळक करून.

"साहेबांना सांगा तुम्ही स्वतः," मी म्हटलं. "ते गाडीतच आहेत. मी सांगते तुम्ही कोण ते."

त्यांनी मान हलवली. "मी कोन ते नका सांगू. पान्याचं सांगा. आन् आवक नंबर टाका, ताई. न्हाईतर ऱ्हाऊन जाईल."

एवढ्यात मुकादमानं शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. हवालदार वळून भराभर गेले. सुरुंग उडाला, धुरळा बसायला वेळ लागला. मी गाडीत बसून अर्ज साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "कुणी लिहिलाय हा? कुठं आहे तो माणूस?"

मी रांगेकडं पाहिलं. माणसं पुन्हा आपापल्या जागी बसली होती आणि हातोडे सुरू झाले होते. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळ्यांवर तीच पांढरी धूळ होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघितलं. त्यांतले हवालदार कोणते, ते मला सांगता आलं नाही.